टीएसएच सारखा वर-खाली होतोय? डोस बदलण्याआधी कारण शोधा

"डॉक्टर, परत वाढलाय बघा."

खुर्चीत बसायच्या आधीच रिपोर्ट टेबलावर येतो. मागच्या वेळी टीएसएच ३.१ होता, आता ६.८ आहे. त्याच्या आधी १.२ होता. गोळी रोज चालू आहे, मग हा आकडा एका जागी का राहत नाही? आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो, "मग आता किती वाढवायची?"

हे बोलणं माझ्या ओपीडीत आठवड्यातून अनेकदा होतं. तिथे ते नीट समजावून सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आकडा हलला की लगेच डोस हलवायचा, ही सवय रुग्णांना लागली आहे आणि आम्हा डॉक्टरांनाही लागली आहे. ती मोडायला हवी. आकडा का हलला हे आधी शोधायला हवं. ते शोधलं नाही तर काय होतं, हे मी माझ्याच एका चुकीतून शिकलो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अठ्ठावन्न वर्षांच्या, लहान चणीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे नियमित यायच्या. हाशिमोटोचा आजार होता आणि ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर त्यांचं बरीच वर्षं उत्तम चाललं होतं. एकदा टीएसएच ९ आला. मी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" त्या म्हणाल्या, "एकही दिवस चुकवत नाही." मी ७५ केली. दोन महिन्यांनी आकडा ६.५ होता. मी १०० केली. मग आकडा ३ वर आला. त्यांना बरं वाटलं, मलाही काम झालं असं वाटलं.

त्यानंतर त्या चार महिने मुलीकडे राहायला गेल्या. परत आल्या तेव्हा हात थरथरत होते, झोप उडाली होती, वजन उतरलं होतं. नाडी अनियमित लागत होती. ईसीजी काढला तर हृदयाचे ठोके बेताल पडत होते. याला आम्ही एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. टीएसएच ०.०३ होता. म्हणजे शरीरात थायरॉइडचं औषध फार जास्त झालं होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "गोळी कशी घेत होतात ते सकाळी उठल्यापासून सांगा." मग उलगडा झाला. गुडघे दुखतात म्हणून त्यांना दुसरीकडे कॅल्शियम, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी सुरू झाली होती. विसरायला नको म्हणून त्या सगळ्या गोळ्या सकाळी एकदम, दुधाच्या चहाबरोबर घेत होत्या. त्यामुळे थायरॉइडची गोळी पोटात जात होती, पण रक्तात पुरेशी पोचत नव्हती. मी डोस वाढवत गेलो आणि आकडा कसाबसा जागेवर आणला. मुलीकडे गेल्यावर बाकीच्या गोळ्या संपल्या, त्यांनी पुन्हा आणल्या नाहीत. आता १०० ची गोळी पूर्ण शोषली जाऊ लागली आणि शरीराला ती झेपली नाही.

डोस कमी केला, हृदयाचे उपचार केले, ठोके पूर्ववत झाले. आज त्या पुन्हा ५० वर ठीक आहेत. पण मधले दोन महिने त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी भीतीत काढले. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

या आजारात नेमकं काय होतं?

१९१२ साली जपानमधल्या हाकारू हाशिमोटो या तरुण शल्यविशारदांनी चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींमध्ये दिसलेल्या वेगळ्याच बदलांचं वर्णन केलं. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. यात आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. बहुतेक रुग्णांच्या रक्तात अँटी-टीपीओ नावाच्या अँटिबॉडीज सापडतात.

हा हल्ला संथ असतो. ग्रंथी एका रात्रीत बंद पडत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू थकत जाते. सुरुवातीच्या काळात कधी कधी उलटंही घडतं. ग्रंथीच्या पेशी फुटतात आणि त्यांत साठवलेला हार्मोन एकदम रक्तात उतरतो. मग काही आठवडे धडधड, घाम, चिडचिड होते आणि टीएसएच खाली जातो. साठा संपला की हार्मोन कमी पडतो आणि टीएसएच वर चढतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात असा झोका अनेकींना बसतो, आणि त्यांतल्या काहींची ग्रंथी पुन्हा पूर्ववतही होते. म्हणजे काही चढउतार या आजाराचेच असतात.

टीएसएच म्हणजे काय, हेही समजून घ्या. तो थायरॉइडचा हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जी हाक मारते, ती म्हणजे टीएसएच. हार्मोन कमी पडला की हाक मोठी होते. पण ही हाक मारणारी फार हळवी आहे. रक्तातला फ्री टी-४ थोडासाच घटला तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतो. म्हणून टीएसएच ३ वरून ६ झाला म्हणजे "आजार दुप्पट झाला" असा अर्थ काढू नका.

आकडा हलतो तेव्हा मी काय शोधतो

गोळी घेण्याची पद्धत. इथेच सगळ्यात जास्त उत्तरं सापडतात. ही गोळी अगदी रिकाम्या पोटी घेतली तरी तिचा साधारण साठ ते ऐंशी टक्के भागच शोषला जातो. त्यात सकाळचा चहा-कॉफी, नाश्ता किंवा दूध आलं की आणखी कमी. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासाठी किमान अर्धा तास, शक्यतो तास थांबायचं. "डॉक्टर, चहाशिवाय डोळे उघडत नाहीत" असं म्हणणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घ्या. रात्री नऊला जेवून दहाला झोपणाऱ्यांना मात्र हे जमणार नाही. वेळ कुठलीही निवडा, पण रोज तीच ठेवा. रोज नियमाने थोडी कमी शोषली जाणारी गोळी चालते, तिच्या हिशोबाने डोस ठरवता येतो. आज अशी, उद्या तशी घेतलेल्या गोळीचा हिशोब कुणालाच लागत नाही.

उपवास आणि प्रवास. संकष्टी, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. निर्जळी उपवासाला गोळी राहते, हे रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, "तेवढे दिवस सोडून रोज घेते." वर्षाचे असे दिवस मोजले तर बरेच भरतात. माझं सांगणं असं, की औषध आणि घोटभर पाणी याने उपवास मोडत नाही. तरीही मनाला पटत नसेल तर उपवास सुटल्यावर, पोट रिकामं असेल अशा वेळी घ्या. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांना रात्री जेवणानंतर तीन तासांनी किंवा सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेता येते. वारीला, लग्नाला, गावी जाताना बाटली घरी राहते, हेही नेहमीचंच. एखादा दिवस पूर्ण चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी बहुतेकांना चालतं, कारण हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. हृदयविकार असेल किंवा वय जास्त असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

सोबतची औषधं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा. कॅल्शियम असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधंही यात आली. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर थायरॉइडची गोळी कमी शोषली जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतर दिलेलं इस्ट्रोजेन, फिट्सची काही औषधं यांनीही गरज बदलते. दुसऱ्या डॉक्टरांनी काहीही नवीन सुरू केलं तर थायरॉइडच्या डॉक्टरांना सांगा.

बाटली. गॅसच्या शेगडीजवळच्या फडताळात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलेली बाटली, अर्धवट लागलेलं झाकण, दमट बाथरूम. उष्णता आणि ओलावा या औषधाला सोसत नाही. आणि दुकानदाराने "हीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर निदान टेस्टच्या वेळी तेवढं आठवणीने सांगा. शक्यतो एकच कंपनी धरून राहा.

टेस्ट स्वतः. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री तो वर असतो, दुपारी खाली येतो. सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा आकडा एकाच माणसाचा असूनही वेगळा येतो. लॅब बदलली, मशीन बदललं तरी फरक पडतो. म्हणून एकच लॅब, एकच वेळ आणि रक्त दिल्यानंतर त्या दिवसाची गोळी, हा नियम ठेवा. ताप, डेंग्यू, ऑपरेशन, हॉस्पिटलात भरती अशा काळात टीएसएच तात्पुरता खाली जातो आणि बरं होताना वर चढतो. तातडीचं कारण नसेल तर तेव्हा टेस्ट करू नका, दीड-दोन महिने जाऊ द्या.

केसांच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम सांगतो. थायरॉइडमुळे केस गळतात म्हणून अनेकजणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. बायोटिनमुळे थायरॉइड बिघडत नाही, पण काही मशीनवरची टेस्ट चुकते. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. रिपोर्ट पाहून वाटतं डोस जास्त झाला, आणि व्यवस्थित चाललेला डोस कमी केला जातो. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

घाई. या औषधातलं निम्मं शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे नवीन डोस शरीरात स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी केलेली टेस्ट जुना आणि नवा डोस यांची खिचडी दाखवते. तिच्यावर पुन्हा डोस बदलला की आकडा आणखी डोलतो. काही रुग्णांचा "सारखा वर-खाली होणारा थायरॉइड" आम्ही डॉक्टरांनीच असा तयार केलेला असतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट, आणि एकदा स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. दर महिन्याला अख्खी प्रोफाइल करण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात.

शरीरातले खरे बदल. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं, ग्रंथी हळूहळू आणखी थकली, तर डोस खरोखर बदलावा लागतो. गोळी नीट घेऊनही डोस वाढतच चालला असेल तर मी पोटाकडे बघतो. गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात तो सीलियाक आजार, जठराचा ऑटोइम्युन दाह, एच. पायलोरीचा संसर्ग यांत गोळी शोषली जात नाही. पहिले दोन आजार हाशिमोटोच्या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतात.

जिथे थांबायचं नाही

"आधी कारण शोधा" याचा अर्थ "काहीच करू नका" असा घेऊ नका.

गरोदरपण ही अशी पहिली जागा. आधीपासून गोळी चालू असेल आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. बहुतेकींना डोस पाव हिश्श्याने किंवा त्याहून थोडा जास्त वाढवावा लागतो आणि निम्मे दिवस जाईपर्यंत दर चार आठवड्यांनी टेस्ट करावी लागते. बाळंतपणानंतर डोस पुन्हा खाली आणायचा असतो, तेही विसरू नका.

दुसरी, टीएसएच १० च्या वर असेल आणि पुन्हा केलेल्या टेस्टमध्येही तसाच आला. तिसरी, टीएसएच अगदी तळाला गेला आणि धडधड, थरथर, वजन घटणं सुरू झालं. साठीनंतर जास्त डोस हृदयाला आणि हाडांना महागात पडतो. छातीत दुखणं, बेताल नाडी, खूप सुस्ती येऊन माणूस नीट उत्तरं न देणं, असं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

या उलट, टीएसएच ५ किंवा ६ आहे, तुम्ही ठणठणीत आहात, तर दीड-दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा टेस्ट करा. पुष्कळदा आकडा आपोआप खाली आलेला असतो. वयस्कर माणसांत टीएसएच थोडा वर असणं हे बऱ्याचदा वयाचंच असतं. २०१७ साली पासष्टीच्या पुढच्या ७३७ लोकांवर झालेला एक मोठा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. टीएसएच थोडा वाढलेल्या या लोकांना गोळी देऊन आकडा सुधारला, पण थकवा आणि इतर त्रास साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त कमी झाला नाही. आजोबांचा आकडा ५.५ आला म्हणून घरच्यांनी जीव टांगणीला लावू नये, असं मला वाटतं.

आकडा ठीक, पण बरं वाटत नाही

ही तक्रार मी खरी मानतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" असं म्हणून रुग्णाला परत पाठवणं मला पटत नाही. पण प्रत्येक थकव्याचं खापर थायरॉइडवर फोडणंही बरोबर नाही. हिमोग्लोबिन कमी असतं, बी-१२ कमी असतं, झोप अपुरी असते, घोरण्याचा आजार असतो, मन उदास असतं. पहाटे पाचला उठून डबे करणारी, दिवसभर नोकरी आणि रात्री अकराला ओटा आवरणारी बाई थकणारच. तिची गोळी २५ ने वाढवून तो थकवा जाणार नाही. घरातल्या इतरांनी हात लावला तर कदाचित जाईल.

अँटिबॉडीजचा आकडा पुन्हा पुन्हा तपासू नका. निदानासाठी एकदा केला, पुरे. तो वाढला किंवा घटला तरी डोस त्यावर ठरत नाही. मीठ साधं आयोडीनयुक्तच खा. आयोडीन सोडून फक्त सैंधव खायची गरज नाही आणि समुद्री शेवाळाच्या आयोडीनने भरलेल्या कॅप्सूलही नकोत, या आजारात जादा आयोडीन त्रासदायक ठरू शकतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर बिनधास्त खा. धन्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

पुढच्या वेळी हे घेऊन या

- मागचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. एक आकडा फारसं काही सांगत नाही, पाच आकडे ओळीने बरंच सांगतात.
- गोळीची बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. केसांच्या, हाडांच्या, ताकदीच्या गोळ्या आणि काढेही.
- गेल्या दोन महिन्यांत किती गोळ्या चुकल्या याचा खरा हिशोब. कॅलेंडरवर रोज एक खूण करा, तेवढं पुरतं.
- गोळी घेतल्यावर किती वेळाने चहा घेता, याचं प्रामाणिक उत्तर.
- मधल्या काळात आजारपण, वजनातला बदल, पाळीतला बदल, मोठा प्रवास झाला असेल तर त्याची नोंद.

गोळ्या चुकल्या हे सांगायला संकोच करू नका. कुणी रागावलं तरी सांगा. तुम्ही "रोज घेते" म्हणालात आणि मी त्यावर डोस वाढवला, तर चूक दोघांची आणि त्रास मात्र तुमच्या एकट्याच्या हृदयाला.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो येतो आणि आपण दोन शब्दांत "७५ करा" लिहून मोकळे होतो. मीही केलं आहे. आता मी आधी एकच प्रश्न पाठवतो, "सकाळी उठल्यापासून काय काय घेता ते क्रमाने लिहा." निम्म्या वेळा उत्तर वाचल्यावर डोस बदलावाच लागत नाही.

हाशिमोटोची गोळी बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागते, हे खरं. पण आयुष्यभर आकड्याच्या मागे धावावं लागत नाही. समुद्रासारखी थोडी भरती-ओहोटी राहणारच. रिपोर्ट हातात आला की बाटली उघडण्याआधी गेले दोन महिने डोळ्यांसमोर आणा, आणि मग आपल्या डॉक्टरांशी बोला. हा लेख वाचून डोस स्वतःहून कमी-जास्त मात्र करू नका.